बोरीकाठचा आगवाला

खानदेशाचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. तापी पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते, एवढे आम्ही शाळेत नकाशावर बोट ठेवून शिकलो. पण तिच्या पाण्याबरोबर इथला माणूस सहसा समुद्रापर्यंत गेला नाही. कापूस पिकवावा, ज्वारी-बाजरी खावी, पाऊस हुकला तर अमळनेरच्या प्रताप मिलच्या दाराशी बदली कामगार म्हणून उभे राहावे, ओळखपाळख असेल तर भुसावळच्या रेल्वेत चिकटावे आणि अगदीच धाडस असेल तर मुंबई गाठून परळ-लालबागच्या गिरण्यांत शिरावे, अशा ठरलेल्या वाटा होत्या. दर्यावर जाणे हा रत्नागिरीकडच्या, गोव्याच्या, दीव-दमणच्या आणि कच्छच्या लोकांचा धंदा. त्यामुळे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सारे घर आप्पा म्हणत असे, ते बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, म्हणून गेले, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडले आणि चार वर्षांहून अधिक काळ कैदेत काढून परत आले, ही गोष्ट गावाला कधी नीट उमगली नाही. गावाला जे उमगत नाही त्याची घरातही फारशी विचारपूस होत नाही.

आप्पा १९७० च्या दशकात वारले. मी त्यांना पाहिले ते भुसावळहून निवृत्त होऊन बोरी नदीकाठच्या आमच्या गावी परतलेला, कानाने अधू झालेला, अंगणातल्या बाजेवर बसून विडी ओढणारा म्हातारा म्हणून. ते अबोल होते असे मुळीच नाही. बैलांबद्दल, कपाशीच्या भावाबद्दल, इंजिनाच्या शिटीवरून ड्रायव्हर कसा ओळखावा याबद्दल ते तासन्‌तास बोलत. कैदेचे मात्र जे काही आमच्यापर्यंत आले ते आजीकडून, म्हणजे त्यांच्या वहिनीकडून आले, आणि आजी ते तीन वाक्यांत संपवीत असे. त्याला नवशेऱ्याला जर्मन लोकांनी धरले. पाच वर्षे त्याचे तोंड दिसले नाही, पण पैसे येत राहिले. तिसरे वाक्य ती अहिराणीत, थोड्या अभिमानाने म्हणे, “त्यानी बरफ देखेल शे.” आम्हा नातवंडांचे समाधान त्या तिसऱ्या वाक्यातच होई.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी या तीन वाक्यांचा माग काढू लागलो. पहिलेच वाक्य अडचणीचे होते. नौशेरा हे जुन्या वायव्य सरहद्द प्रांतातले लष्करी छावणीचे शहर. त्यावरून घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवले होते की आप्पा पलटणीत असावेत, तिकडे त्यांची बदली झाली असावी आणि तिथून पुढे कुठल्याशा आघाडीवर ते पकडले गेले असावेत. नौशेऱ्याच्या आसपास जर्मन सैन्य कधी फिरकले नव्हते, हे कुणी मनावर घेतले नाही. माजी सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात मी विचारणा केली, तेव्हा तिथल्या भल्या गृहस्थांनी एक अर्ज पुढे केला. त्यात पलटण, सैनिक क्रमांक, भरतीचे केंद्र आणि निवृत्तीचा प्रकार असे रकाने होते. बोटीवर होते, एवढे सांगितल्यावर त्यांनी नौदलाचा अर्ज काढला. नौदलात नव्हते, मालवाहू बोटीवर होते, असे म्हटल्यावर त्यांनी दोन्ही अर्ज परत खणात ठेवले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. व्यापारी जहाजावरचा खलाशी युद्धात मरतो, बुडतो, कैद होतो, पण तो सैनिक नसतो. आणि तो आझाद हिंद सेनेतही नव्हता, त्यामुळे स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीतही त्याला जागा नाही.

उलगडा झाला तो बुडालेल्या जहाजांच्या यादीतून. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपल्या कितीतरी बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची नावे देत असे. त्यांतल्या एका मालवाहू बोटीचे नाव नौशेरा होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ही बोट नोव्हेंबर १९४० मध्ये ऑस्ट्रेलियातून जस्ताचे खनिज, गहू आणि लोकर भरून दक्षिण आफ्रिकेकडे निघाली असताना हिंदी महासागरात ‘पिंग्विन’ नावाच्या जर्मन जहाजाने तिला अडवले, माणसे उतरवून घेतली आणि बोट बुडवली. ‘नवशेऱ्याला’ हा आजीचा शब्द गावाचा नव्हे, बोटीचा होता. तिने तो जसा ऐकला तसाच सांभाळला होता. त्याला छावणीचे शहर आम्ही चिकटवले.

पण अमळनेर तालुक्यातला मुलगा त्या बोटीवर पोहोचलाच कसा? याचे उत्तर भुसावळच्या लोको शेडमध्ये आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे ते मोठे केंद्र. तिथे इंजिनात कोळसा भरायला, राख काढायला, बॉयलर धुवायला सतत माणसे लागत. आप्पा पंधरा-सोळा वर्षांचे असताना तापी व्हॅलीच्या गाडीने भुसावळला गेले आणि राख काढण्याच्या कामाला लागले. आगीसमोर उभे राहणे, फावड्याने कोळसा नेमका जिथे हवा तिथे फेकणे आणि जाळ सारखा ठेवणे, हे एकदा अंगवळणी पडले की माणसाला जमिनीवरचे इंजिन काय आणि पाण्यावरचे काय, फार फरक पडत नाही. शेडमधल्या कुणाशी तरी बिनसले म्हणून ते मुंबईला गेले, असे वडील सांगत. मुंबईत त्या काळी बोटीवर लागायचे तर सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, मर्जी लागे. कंपनीचा साहेब सारंगाला सांगे, सारंग आपली माणसे आणी आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घेई. ही लाचखोरी इतकी उघड होती की १९३१ मध्ये हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाने आपल्या अहवालात तिच्यावर ताशेरे ओढले होते. बोटीवरची उतरंड ठरलेली असे. डेकवर सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी; खाली इंजिनाच्या पोटात इंजिन सारंग, तेलवाले, आगवाले आणि सर्वांत तळाशी कोयलावाले. मुंबईहून भरती होणारे आगवाले बहुतेक पंजाबी आणि पठाण असत. त्यांच्यात एक खानदेशी पोर शिरले ते केवळ भुसावळच्या हाताच्या जोरावर.

आगवाल्याच्या कामाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण कैदेकडे आप्पा ज्या नजरेने पाहत असावेत ती नजर तिथे तयार झाली. जहाजाच्या तळाशी भट्ट्यांची रांग, समोर उभे राहायला जेमतेम जागा, चार तास पाळी आणि आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. उष्ण कटिबंधात त्या जागेचा ताप असा की पाळी संपवून वर आलेली माणसे डेकवर तशीच आडवी होत. पाणतीर (टॉर्पेडो) लागला तर पहिले पाणी तिथेच शिरे आणि वर यायला लोखंडी शिडी एकच. पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. १९३९ च्या शरद ऋतूत युद्ध सुरू होताच लंडन, ग्लासगो आणि इतर अनेक बंदरांत हिंदी खलाशांनी दुप्पट पगार आणि युद्धभत्त्याची मागणी करून बोटी हलवायला नकार दिला, तेव्हा शेकडो जणांना तुरुंगात टाकण्यात आले. पण पगारही वाढवावा लागला, कारण त्यांच्यावाचून ब्रिटनची मालवाहतूक चालली नसती. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मेले आणि १,२०० हून अधिक शत्रूच्या कैदेत गेले. आमचे आप्पा या दुसऱ्या आकड्यात आहेत.

पिंग्विन हे तसे मालवाहू जहाजच, पण लपवलेल्या तोफा बसवून शिकारीला सोडलेले. कॅप्टन एर्न्स्ट-फेलिक्स क्रूडरने नौशेरानंतरच्या काही दिवसांतच मायमोआ, पोर्ट ब्रिस्बेन आणि पोर्ट वेलिंग्टन ही आणखी तीन ब्रिटिश जहाजे बुडवली. पकडलेली माणसे ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा त्याने त्यांना स्टोरस्टाड या पूर्वीच पकडलेल्या नॉर्वेजियन तेलवाहू जहाजावर चढवले. हेच जहाज काही आठवड्यांपूर्वी नाव बदलून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरत होते. तेलाच्या जहाजाच्या पोटात शेकडो माणसे कोंबून ते आफ्रिकेला वळसा घालून फेब्रुवारी १९४१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोजवळ जिरोंद नदीच्या मुखाशी पोहोचले. वाटेत ब्रिटिश पाणबुडीची भीती होतीच. आधीच्या सप्टेंबरात कैदी घेऊन येणारे तिरान्ना हे जहाज याच मुखाजवळ ‘ट्यूना’ या ब्रिटिश पाणबुडीने बुडवले होते आणि आपल्याच बाजूच्या पाणतीराने मेलेल्यांत हिंदी खलाशी होते. हा प्रवास आप्पांनी केला हे मला कळले तेव्हा मी त्यांच्यासाठी हळहळलो. मग पुढचा भाग वाचला. ८ मे १९४१ रोजी सेशेल्सच्या उत्तरेस ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझरने पिंग्विनला गाठले आणि उडवले. त्या वेळी तिच्या पोटात नंतर पकडलेले दोनशेहून अधिक कैदी होते, त्यांत बरेच हिंदी खलाशी, आणि वाचले ते जेमतेम वीस-बावीस. स्टोरस्टाडच्या कोंदट पोटात ढकलले गेले म्हणून आप्पा जगले. कुणाला केव्हा कोणत्या जहाजावर चढवले एवढ्याने या सगळ्यांची आयुष्ये ठरत होती आणि चढवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

बोर्दोजवळ सें-मेदार येथे आधी एक छावणी. तिथून आगगाडीने, मालडब्यांतून, उत्तर जर्मनीतल्या सँडबोस्टेलला. ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग यांच्या मधला हा प्रदेश दलदलीचा आणि वाळूचा. त्या प्रचंड छावणीत खलाशांसाठी वेगळे कुंपण होते. तिथेच १९४१ च्या शरदापासून रशियन कैदी आणले गेले आणि उपासमारीने व तापाने हजारोंनी मेले. रशियाने १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केलेली नाही, ही सबब जर्मनांना पुरली. इकडे ब्रिटिश बाजूच्या खलाशांची स्थिती विचित्र, पण त्यांच्या फायद्याची होती. १९०७ च्या हेग करारात व्यापारी जहाजांवरच्या माणसांना, युद्धात पुन्हा भाग घेणार नाही असे लेखी वचन घेऊन, सोडून देण्याची तरतूद होती. दुसऱ्या महायुद्धात ती कागदावरच राहिली. त्यांना युद्धकैदी म्हणावे तर ते सैनिक नव्हते. म्हणून ते ‘स्थानबद्ध’ ठरले, वागणूक मात्र साधारण युद्धकैद्यांसारखी मिळाली. १९४१-४२ च्या सुमारास त्यांना जवळच वेस्टरटिमके येथे नव्या छावणीत हलवले. नौदलाच्या कैद्यांच्या भागाला मार्लाग म्हणत आणि व्यापारी खलाशांच्या भागाला मिलाग. मिलागमध्ये हिंदी खलाशांचे आवार निराळे होते. तिथे आप्पा १९४५ च्या एप्रिल अखेरपर्यंत राहिले.

त्या आवारातले आयुष्य कसे होते हे वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, जी आमच्या घरी माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी वर्षे पडून होती. कैद्यांना मिळणारे जेवण म्हणजे सलगमासारख्या कंदाचे पाणीदार सार, काळा पाव आणि बटाटे. पोट भरे ते रेडक्रॉसच्या पार्सलांवर. सुमारे पाच किलोंच्या त्या खोक्यात आटवलेल्या दुधाचा डबा, चहा, साखर, बिस्किटे, मार्गारीन असे जिन्नस असत. हिंदी कैद्यांसाठी लंडनमधल्या इंडियन कम्फर्ट्स फंडातर्फे डाळ-तांदूळ आणि मसाल्याची वेगळी पार्सले बांधली जात. पण शिजवायचे कशावर? जळण मिळत नसे. तेव्हा कैद्यांनी रिकाम्या डब्यांच्या पत्र्यापासून छोटी यंत्रे बनवली. एका बाजूला दांडा असलेले मोठे चाक, त्यावरून दोरीचा पट्टा दुसऱ्या छोट्या चाकावर, त्या चाकाच्या आसावर पत्र्याची पाती, पात्यांभोवती डब्याचे कवच आणि तिथून एक नळी चुलीच्या बुडाशी. दांडा सावकाश फिरवला तरी पाती जोरात फिरत आणि मूठभर काटक्यांवर, झाडाच्या सालीवर चहाचे पाणी काही मिनिटांत उकळे. जुन्या छायाचित्रांत मी हे यंत्र पाहिले आणि उठून माजघरात गेलो. आमच्याकडे ‘आप्पाचा पंखा’ म्हणून जे होते ते हेच. डालड्याच्या दोन डब्यांचे पत्रे, सायकलचा आस, सुतळीचा पट्टा, बाभळीच्या लाकडाचा दांडा. आईने पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या त्यावर पेटवल्या होत्या. आप्पांनी ते कुठून शिकले, हे कुणी विचारले नव्हते. रेल्वेतल्या माणसाला असल्या गोष्टी येतातच, असे आम्ही धरून चाललो होतो. पात्यांचा कोन मी नंतर नीट निरखला. प्रत्येक पाते मुळाशी किंचित पिळलेले आहे, म्हणजे हवा बाहेरच्या कडेकडे ढकलली जावी. आणि नळीचे तोंड चुलीकडे निमुळते केलेले आहे. बॉयलरला वारा किती आणि कुठून द्यायचा याची समज असलेल्या माणसाचे ते काम आहे.

आजीच्या दुसऱ्या वाक्याचा, येत राहिलेल्या पैशांचा, अर्थ लावणे त्याहून अवघड होते, कारण ते वाक्य घरातल्या एका जुन्या अवघडलेपणाकडे नेते. कैदेत पडलेल्या खलाशांच्या घरच्यांना भत्ता मिळण्याची सोय सरकारने केली होती, आणि तो आमच्याकडे मुंबईहून मनीऑर्डरने येई. पण तो काळ कोणता? ऑगस्ट १९४२ मध्ये अमळनेरात आंदोलनाचा भडका उडाला होता; डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील ही नावे खेड्याखेड्यांत पोहोचली होती. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, तेव्हा साऱ्या खानदेशाला सुतक आल्यासारखे झाले. आमचे आजोबा खादी वापरत आणि रात्री-बेरात्री घरी येणाऱ्या माणसांना भाकरी देत. अशा घरी पोस्टमन भर दुपारी येऊन इंग्रज सरकारचे पैसे मोजून देई, आणि तेही घरच्याच पोराने इंग्रजांच्या बोटीवर कोळसा टाकल्याबद्दल. आजोबांनी त्या मनीऑर्डरीवर कधी सही केली नाही. आजी ओसरीवर येई, अंगठा उठवी, नोटा पदराच्या गाठीला बांधी आणि आत जाई. आजोबा त्या वेळी गोठ्याकडे काहीतरी काम काढून निघून जात. त्या पैशांतून एका दुष्काळी वर्षी बैलजोडी राहिली, हे आजोबांना माहीत होते. पण या विषयावर दोघे बोलल्याचे कुणाला आठवत नाही. मला वाटते, आप्पा परत आल्यावर त्यांच्या कैदेची गोष्ट घरात कुणी विचारून घेतली नाही, त्याचे मूळ त्यांच्या स्वभावात कमी आणि या ओसरीवर जास्त आहे. १९४७ नंतर तर प्रत्येक घराला सांगण्यासारखी एक गोष्ट हवी होती आणि आमच्याकडे आजोबांची होती.

कागदांच्या शोधात एक गोष्ट लवकर कळते. ज्याचे नाव ज्या पद्धतीने लिहिले गेले, त्या पद्धतीनेच तो सापडतो. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३७३ या क्रमांकाखाली युद्धात शत्रूने पकडलेल्या वा बुडवलेल्या ब्रिटिश जहाजांची आणि त्यांवरच्या माणसांचे पुढे काय झाले याची कागदपत्रे आहेत. शुल्क भरून मी नौशेराच्या पानांच्या प्रती मागवल्या. वर गोरे अधिकारी, पूर्ण नाव, पत्ता, जवळचा नातेवाईक. खाली हिंदी माणसे, ओळीत कोंबलेली. आप्पांचे आडनाव गळून गेले होते. उरले होते त्यांचे पाळण्यातले नाव आणि बापाचे नाव, तेही मुंबईच्या एखाद्या कारकुनाने पंजाबी सारंगाच्या तोंडून ऐकून लिहिलेले. नावावरून मी त्यांना ओळखलेच नसते. ओळखले ते गावावरून, कारण त्या पानावर झेलम, अटक, रत्नागिरी असे लिहिलेल्या साऱ्या ओळींत एकच ओळ ‘ईस्ट खानदेश’ अशी होती. तेव्हा जळगाव जिल्ह्याचे नाव पूर्व खानदेश होते. खानदेशातून दर्यावर कुणी जात नसे, त्याचाच असा उपयोग झाला. रत्नागिरीच्या माणसाला त्या यादीत आपला आजोबा शोधायचा तर किती ओळींवर बोट ठेवावे लागेल!

दुसरा कागद जिनिव्हाहून आला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे युद्धकाळात कैद्यांची मध्यवर्ती संस्था होती आणि तिच्या पेट्यांत कोट्यवधी कार्डे आहेत. अर्ज स्वीकारण्याचे दिवस ठरलेले असतात आणि कोटा भरला की दार बंद होते, त्यामुळे धीर धरावा लागतो. मिळाले ते एक टंकलिखित पान. जहाज नौशेरा, हुद्दा फायरमन, छावणी मिलाग नॉर्ड, कैदी क्रमांक आणि तो क्रमांक कळवणाऱ्या यादीची तारीख. त्यात एवढेच. हा क्रमांक मला पाठ होता.

तो पाठ होता, कारण आजीच्या पत्र्याच्या पेटीत जर्मन छापाचे एक पोस्टकार्ड निघाले होते. वर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’, म्हणजे युद्धकैद्यांचे टपाल, असे छापलेले, तपासनिसाचा शिक्का, पाठवणाऱ्याच्या जागी तोच क्रमांक आणि टार्मस्टेट हे टपालाचे ठिकाण. कैद्यांना महिन्याला मोजकीच पत्रे लिहू देत, आणि हिंदी भाषांतली पत्रे तपासायला वेळ लागे म्हणून ती आणखी रखडत. हे कार्ड पेन्सिलीने लिहिलेले आहे. मजकूर असा: “तीर्थरूप दादा व वहिनी यांसी शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवीत जावी. थंडी फार आहे, परंतु कपडे मिळाले आहेत. पैसे पोचतात किंवा कसे ते लिहावे. माझी काळजी करू नये.” आप्पांना लिहिता येत नव्हते. ‘शिरसाष्टांग’ आणि ‘किंवा कसे’ हे त्यांच्या तोंडचे शब्द नव्हेत. त्यांनी अहिराणीत सांगितले असेल आणि ऐकणाऱ्याने ते शाळेत शिकलेल्या साच्यात बसवले असेल. पैशांची चौकशी मात्र त्यांचीच. सेन्सॉरला चालेल आणि वहिनीला कळेल असे विचारण्याजोगे त्यांच्याकडे तेवढेच होते.

सुटका झाली ती एप्रिल १९४५ च्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी मार्लागमधल्या नौदलाच्या हजारो कैद्यांना जर्मनांनी लुबेककडे पायी हाकलत नेले. मिलागचे व्यापारी खलाशी मागे राहिले, आणि ब्रिटिशांच्या गार्ड्‌स चिलखती डिव्हिजनने वेस्टरटिमके घेतले तेव्हा ते तिथेच होते. आप्पा इंग्लंडमार्गे मुंबईला पोहोचले. १४ एप्रिल १९४४ च्या ‘फोर्ट स्टिकिन’ स्फोटात व्हिक्टोरिया गोदी उद्ध्वस्त झाली होती. ज्या धक्क्यावरून ते निघाले त्याची ती दशा पाहून त्यांनी बोटीचा नाद सोडला, असे वडील म्हणत. मला ते तितकेसे पटत नाही. १९४६ मध्ये ते भुसावळच्या शेडमध्ये पुन्हा दाखल झाले, फायरमन म्हणून, आणि वाफेच्या इंजिनांवरच निवृत्त झाले. आगीचे काम त्यांना अवघड वाटत नव्हते. चार वर्षे कुंपणाच्या आत हात रिकामे ठेवून बसणे त्यांना जड गेले असावे, आणि त्या मानाने घरच्या रुळावरची भट्टी त्यांना बरी वाटली असावी.

मुंबईत मशीद बंदरला हिंदी खलाशांचे वसतिगृह आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ बांधलेले. त्यांची नावे तिथे कोरलेली आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावे स्मृतिवहीत नोंदवलेली आहेत. मी तिथे गेलो होतो. आप्पांचे नाव तिथे असणार नाही हे ठाऊकच होते, कारण त्या भिंतीवर किंवा वहीत जागा मिळवायला बोटीबरोबर बुडावे लागते. परत आलेल्यांची वही कुणी ठेवलेली नाही. तरीही जाण्याचे कारण होते. पोस्टकार्डाच्या तळाशी, समासात, अगदी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, जी आम्ही कधी वाचलीच नव्हती. जुन्या पत्रांत लेखनिक हमखास घालत असे तशी: ‘पत्र लिहिणार याचाही नमस्कार’, पुढे नाव, मुक्काम आणि ‘तालुके गुहागर’. हा माणूस नौशेराच्या यादीत आहे, खलाशी म्हणून, आणि बुडालेल्यांच्या नोंदीत नाही. म्हणजे तोही परतला असावा. त्याच्या घरी कदाचित अशीच कार्डे असतील, त्याने स्वतःसाठी लिहिलेली, आणि त्यांत आवारातल्या माणसांबद्दल चार शब्द अधिक असतील. लिहिता येणारा माणूस इतरांबद्दलही लिहितो. त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीला मी पत्र पाठवले आहे आणि कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, म्हणजे घरचे कुणी असेल तर निदान अक्षर तरी ताडून पाहता येईल.